बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात डोंगरउतारावर जुनी खाण दिसली, ती किती जुनी हे कसं ओळखायचं?

पहिलं सांगतो, आत जाऊ नका. जांभ्याचं छत कधी बसेल नेम नाही, आणि आत हवा कोंडलेली असते. बाहेरूनच बरंच कळतंय बघा.

तोंडाजवळच्या भिंतीवर टॉर्च मारा. गोल सरळ भोकांचे अर्धे कापलेले चर दिसले तर ती ड्रिल मारून सुरुंग लावलेली खाण, म्हणजे फार तर इंग्रजांच्या काळातली किंवा नंतरची, आपल्या खानापूर पट्ट्यात मॅंगनीज काढायचेच की. छिन्नीचे बारीक तिरके घाव असतील तर हातकाम, पण तेवढ्यावरून वय ठरत नाही, हातकाम अगदी परवापर्यंत चालायचं. भिंत गुळगुळीत, घुमटासारखी आणि काजळी धरलेली असेल तर मात्र नीट फोटो काढा, कारण पूर्वी खडकाला आग लावून तापवून फोडायचे. रायचूरकडच्या हट्टी सोन्याच्या खाणीत असं काम झालंय, तिथल्या जुन्या लाकडाचं कार्बन डेटिंग सुमारे 2000 वर्षं आलंय.

खरी माहिती खाणीपेक्षा खालच्या टाकाऊ दगडांच्या ढिगात असते. कोळसा, खापरं, काचेसारखी काळी जड मळी (धातू गाळल्यावर उरणारा टाकाऊ भाग) दिसली तर धातू तिथंच गाळायचे असं समजा. पण उचलून घरी आणू नका ओ, वस्तू जागेवरून हलली की तिचा अर्धा पुरावा गेला! जीपीएस लोकेशन आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो पुरातत्व खात्याच्या धारवाड ऑफिसला पाठवा. जागा भीमगड अभयारण्यात असेल तर आधी फॉरेस्टची परवानगी.