इस्तंबूलचा गालिचा, पुण्याचा ग्राहक आयोग आणि कार्डाची मुदत

प्रश्न : दहा आठवड्यांपूर्वी आम्ही इस्तंबूलच्या ग्रँड बझारमध्ये ‘हेरेके (रेशमी गालिच्यांसाठी नावाजलेलं तुर्की गाव), शंभर टक्के रेशीम’ म्हणून एक गालिचा ३,२०० डॉलरला घेतला. २,४०० कार्डाने दिले, ८०० रोख. दुकानदाराने तो कुरिअरने पाठवला आणि पाच आठवड्यांपूर्वी तो पुण्यात मिळाला. पसंत केलेल्या गालिच्यापेक्षा हा लहान आहे, आणि जाणकारांच्या मते रेशमाचाही नाही. बिलावर फक्त ‘हाली (म्हणजे गालिचा), १ नग’ एवढंच आहे. दुकानदार म्हणतो, ‘तुम्ही बघून घेतलात, विषय संपला.’ ड्युटी वाचेल म्हणून पार्सलवर किंमत २५० डॉलर लिहिली होती, त्याला आम्ही होकार दिला होता. पुण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येईल का? शिवाय बहीण पुढच्या महिन्यात तिथेच सोनं घ्यायला जाते आहे. तिने काय जपावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आयोगात तक्रार दाखल करता येईल, पण तिच्यातून पैसे हाती येणं जवळपास अशक्य आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. अडचण त्यानंतर सुरू होते. दुकान तिकडे, मालमत्ता तिकडे, आणि परदेशी निकालाची अंमलबजावणी करायची तर तुर्की न्यायालयाची वेगळी मान्यता लागते. दोन देशांमधली परस्परता ही त्या मान्यतेची एक अट आहे, आणि आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खालच्या, म्हणजे परस्परांचे निकाल मानणाऱ्या, देशांमध्ये तुर्कस्तान नाही. तुमची वर्षं आणि वकिलाची फी त्यात घालवू नका.

तुमचा खरा दरवाजा कार्ड देणारी बँक आहे, आणि तिथे घड्याळ चालू आहे. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर कार्ड कंपन्यांच्या नियमांनुसार व्यवहारापासून किंवा माल मिळाल्यापासून साधारण १२० दिवसांत ‘चार्जबॅक’, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. बँकेने स्वतःची मुदत याहून कमी ठेवलेली असू शकते, म्हणून याच आठवड्यात अर्ज द्या.

फॉर्म भरताना बहुतेकांचा घोळ एका रकान्यात होतो. फसवलं गेल्याचा राग असतो, म्हणून कारण ‘फ्रॉड’ निवडलं जातं. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असा होतो. तुम्ही स्वतः पिन टाकला असल्याने अर्ज तिथेच फेटाळला जातो आणि कार्डही ब्लॉक होतं. तुमचं कारण ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ हे आहे.

अर्जाआधी दुकानदाराला ईमेलने आणि व्हॉट्सअॅपवर कळवा की माल वर्णनाप्रमाणे नाही, तो परत द्यायला तयार आहे, पैसे परत करा आणि परत पाठवण्याचा पत्ता द्या. परतीची तयारी लेखी दाखवलेली नसेल तर चार्जबॅक सहसा टिकत नाही. मात्र त्याच्या लेखी होकाराशिवाय गालिचा पाठवू नका. तो धुऊन घेऊ नका आणि अंथरूही नका.

पुराव्यात सगळ्यात वजनदार कागद धागा तपासणीचा. वस्त्रोद्योग समितीच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी तंतू ओळखून अहवाल मिळतो. नमुना देताना फक्त झालरीचा धागा देऊ नका. झालर म्हणजे ताण्याचेच, विणीतले उभे धागे. ते खऱ्या रेशमाचे आणि वरचे केस, म्हणजे पृष्ठभागावरचे मऊ तंतू, मर्सराइज्ड (चकाकी आणलेल्या) सुताचे किंवा व्हिस्कोसचे (कृत्रिम रेशमाचे) असू शकतात. केसांचा नमुना मागच्या बाजूने, कडेच्या ओळीतून घ्यायला सांगा. गाठीही मोजून घ्या. रेशमी हेरेकेत चौरस सेंटिमीटरला साधारण १०० गाठी असतात, म्हणजे १० बाय १०. मागच्या बाजूला पट्टी ठेवून काढलेल्या फोटोत त्या स्पष्ट दिसतात.

बिलावर ‘रेशीम’ नाही ही तुमची कमकुवत जागा आहे. ती दुकानदाराचे मेसेज, दुकानातले फोटो आणि त्याने दिलेलं प्रमाणपत्र यांनी भरून काढावी लागेल. कार्डाची स्लिपही शोधा. तिच्यावरचं व्यापाऱ्याचं नाव आणि दुकानाच्या पाटीवरचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. बँक आणि तुर्की अधिकारी दोघांसाठीही बिलावरचं नाव आणि कर क्रमांक महत्त्वाचा, पाटी नव्हे. बँकेने नकार दिला किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

चार्जबॅकमधून मिळाले तर फक्त कार्डाचे २,४०० मिळतील. रोख ८०० डॉलरसाठी तुर्की कायदा वापरावा लागेल, आणि तो तुमच्या बाजूचा आहे. तिथला ग्राहक संरक्षण कायदा क्रमांक ६५०२ सांगतो की ठरलेल्या नमुन्याशी न जुळणारा माल सदोष असतो. अशा वेळी व्यवहार रद्द करणं, किंमत कमी करून घेणं, दुरुस्ती किंवा बदली यांपैकी काय हवं ते ग्राहक ठरवतो. माल ताब्यात आल्यापासून सहा महिन्यांत दिसलेला दोष आधीपासूनच होता असं कायदा मानतो आणि उलट सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर टाकतो. ‘बघून घेतलात’ हा बचाव नजरेला दिसणाऱ्या किंवा दिसायला हव्या अशा दोषापुरता. धाग्याची जात नजरेने कळत नाही, आणि लहान गालिचा तर तुम्ही पाहिलेला गालिचाच नव्हे. दाद मागण्याची मुदत दोन वर्षं आहे.

ठरावीक रकमेपर्यंतची तक्रार न्यायालयात जात नाही, ‘तुकेतिजी हाकेम हेयेती’ या ग्राहक लवाद समितीकडे जाते. ही मर्यादा दरवर्षी बदलते. २०२५ साली ती १,४९,००० लिरा होती. बझार फातिह भागात येतो, तेव्हा अर्ज तिथल्या प्रशासनाकडे द्यायचा. शुल्क नाही, आणि निर्णय बंधनकारक असतो. ऑनलाइन अर्जाला तुर्की ओळख क्रमांक लागत असल्याने तुम्हाला तिथला वकील नेमणं सोयीचं पडेल. मुखत्यारपत्र मुंबईतल्या तुर्की वाणिज्य दूतावासात करा, किंवा इथे नोटरी व अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का) करून पाठवा. चार्जबॅक मंजूर झाला आणि फक्त ८०० उरले, तर वकिलाचा खर्च आधी विचारा. तो रकमेच्या जवळ जात असेल तर तिथेच थांबा.

आता २५० डॉलरचा विषय. तो बाजूला ठेवता येणार नाही. पार्सल तुमच्या केवायसीवर सुटलं, म्हणजे आयातदार तुम्ही. १९६२च्या सीमाशुल्क कायद्यात खोट्या किमतीसाठी मालाची जप्ती आणि दंड दोन्ही आहेत. त्यात बँकेला तुम्ही ३,२०० डॉलरचा दावा सांगणार आणि पार्सलचा कागद २५० म्हणणार. हा विरोधाभास दुकानदार पहिल्याच उत्तरात मांडेल. नोटीस येण्याआधी कुरिअर कंपनीच्या कस्टम्स विभागामार्फत खरी किंमत कळवा आणि फरकाची ड्युटी व्याज धरून भरा. इथे एखाद्या कस्टम्स सल्लागाराची फी देणं शहाणपणाचं ठरेल. गालिचा परत पाठवायची वेळ आली तर खरी किंमत लिहा आणि दुकानदाराकडून मूळ निर्यातीचे कागद मागवा.

रिव्ह्यू लिहायचा असेल तर घडलेलं लिहा. ‘चोर’ वगैरे शब्द टाळा, कारण तुर्की दंड संहितेत अपमान हा गुन्हा आहे.

बहिणीसाठी : सोन्याची दुकानं मुख्यतः काल्पाकचिलार रस्त्यावर आहेत. २२ कॅरेटवर ९१६ आणि १४ कॅरेटवर ५८५ असा शिक्का असतो. वजन, कॅरेट आणि मजुरी बिलावर वेगवेगळी लिहून घ्यावी. एकच गोळाबेरीज आकडा स्वीकारू नये. कार्ड मशीनवर चलन विचारलं तर लिरा निवडावा. रुपये निवडले तर रूपांतराचा दर समोरच्याचा लागतो. ‘कार्डाने दिलेत तर कमिशन वेगळं’ असं म्हणणं तिथल्या कार्ड कायद्यात बसत नाही. भारतात दागिन्यांची खास करमुक्त सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांनाच आहे, तेव्हा तिने परतताना दागिने विमानतळावरच्या कस्टम्सच्या रेड चॅनलवर जाहीर करावेत आणि बिल हाताशी ठेवावं.

गालिचा घ्यायचा झाल्यास मागच्या बाजूला शाईने सही करून तिचा फोटो काढावा, आणि बिलावर धागा, माप, हाताने विणलेला की यंत्राचा हे लिहून घ्यावं. ‘सव्वाशे वर्षांचा आहे’ असं कोणी सांगितलं तर तो घेऊच नये. तिथल्या १९८३च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने सांस्कृतिक ठेवा देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे आणि शिक्षा ५ ते १२ वर्षांच्या कैदेची आहे. जुनाट दिसणाऱ्या नव्या मालासाठी संग्रहालयाचा ‘हा पुरातन नाही’ असा दाखला दुकानदाराकडून मागावा.

दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला १४ दिवसांत परत करण्याचा हक्क तिथे नाही. तो ऑनलाइन किंवा दुकानाबाहेरच्या विक्रीला आहे. बझार रविवारी बंद असतो. म्हणून खरेदी परतीच्या विमानाच्या किमान दोन कामकाजाच्या दिवसांआधी उरकावी, म्हणजे वजनात किंवा बिलात काही चुकलेलं निघालं तर त्याच दुकानात पुन्हा जाता येईल.