‘प्रायव्हेट कॅरियर’ म्हणजे खासगी गाडी नव्हे

प्रश्न : आजोबांची १९५१ मध्ये नोंदवलेली शेवरले ३१०० पिकअप गावच्या गोदामात उभी आहे. आजोबा १९९४ मध्ये वारले, आरसी अजून त्यांच्याच नावावर. त्यात ‘प्रायव्हेट कॅरियर’ असं लिहिलंय. सत्तरच्या दशकात डिझेल इंजिन बसवलं, मूळ पेट्रोल इंजिन कोपऱ्यात पडून आहे. एक गॅरेजवाले म्हणतात, गंजलेली चासी बदलून तीवर जुना नंबर पंच करू आणि व्हिंटेज नोंदणी करून देऊ. काकांची संमती आहे. आत्यांना विचारायची गरज नाही, असं ते म्हणतात. पुढे ही गाडी लग्नाच्या फोटोशूटला भाड्याने देता येईल का?

उत्तर : आधी गॅरेजचं काम थांबवा. चासी नंबर ही गाडीची कायदेशीर ओळख. दुसऱ्या चासीवर तो स्वतःहून पंच करणं म्हणजे फसवणुकीच्या आणि बनावट कागदांच्या गुन्ह्याला आमंत्रण. गुन्हा नोंदला गेला, तर गॅरेजवाल्यांबरोबर मालक म्हणून तुम्हीही त्यात याल.

शिवाय त्याने व्हिंटेजचा दावाच मोडतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये ८१अ पासूनचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची आणि मूळ रूपातली गाडी त्यांत बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असेल तर ती बाद होते. कॅबिनचे गंजलेले कोपरे त्याच मापाच्या पत्र्याने जोडणं किंवा हौद्याच्या फळ्या बदलणं ही माझ्या मते दुरुस्ती आहे, फेरफार नाही. मात्र आधीचे-नंतरचे फोटो आणि बिलं जपून ठेवा. नंबर असलेल्या जागी सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा) किंवा ग्राइंडर अजिबात नको, अक्षरं पुसली जातात. रॉकेल आणि मऊ पितळी ब्रश वापरा, मग कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. दाराच्या खांबावरची नंबरची पट्टी काढू नका.

कॅबिन मूळ आहे का, तेही पाहून घ्या. या गाड्यांना दाराच्या काचेपुढची छोटी फिरती खिडकी १९५१ पासून आली, बटणाचं हँडल १९५२ मध्ये, आणि पुढची अखंड काच १९५४ मध्ये. तुमच्या गाडीला अखंड काच असेल तर कॅबिन नंतरची आहे, आणि निरीक्षक ते विचारणारच. छोटी खिडकी नसेल तर घाबरू नका. १९५० चं मॉडेल १९५१ मध्ये नोंदलेलं असू शकतं.

मूळ इंजिन भंगारात देऊ नका. त्याचा नंबर उजव्या बाजूला डिस्ट्रिब्युटरच्या मागे असतो. तो आरसीशी ताडून पाहा. जुळला आणि डिझेलची नोंद आरसीत कधी झालीच नसेल, तर तेच इंजिन परत बसवा, म्हणजे गाडी कागदाशी जुळेल. या २१६ क्यूबिक इंचाच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडना ओतीव बॅबिटचे (मऊ मिश्रधातूचे) बेअरिंग असतात. ते नव्याने ओतून घेणं कटकटीचं आहे, म्हणून २३५ चं इंजिन बसवायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. डिझेलची नोंद झालेली असेल, तर पेट्रोलवर परतायलाही मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओची आधी परवानगी घ्या.

आता खरा पेच. ‘प्रायव्हेट’ या शब्दावर विसंबू नका. १९३९ च्या कायद्यात स्वतःचा माल वाहणाऱ्याला प्रायव्हेट कॅरियर म्हणत, पण गाडी मालवाहूच असे. व्हिंटेजचे नियम मुळात दुचाकी आणि प्रवासी चारचाकी डोळ्यांपुढे ठेवून केलेत, त्यामुळे थेट अर्ज केलात तर ‘मालवाहू’ या एका शेऱ्यावर तो परत येऊ शकतो. म्हणून आधी वर्ग बदलून खासगी वापराची नोंद मागा. भारासह वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर १९८८ च्या कायद्याच्या कलम ६६(३) प्रमाणे परमिट लागत नाही, म्हणजे परमिट परत करण्याचा प्रश्न उरत नाही. थकीत कराचा मात्र उरतो. गाडी वापरात नसल्याचं आरटीओला वेळोवेळी कळवलं नसेल तर कर आणि व्याज निघेल, त्याचा हिशेब लेखी घ्या.

त्याआधी मूळ आरटीओतून नोंदवहीचा प्रमाणित उतारा काढा. दाद दिली नाही तर १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा. नोंद आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत नसेल तर बॅकलॉग एन्ट्री करून, म्हणजे जुनी नोंद तीत चढवून घ्या. मग नमुना ३१ भरून वारस म्हणून गाडी नावावर करा. मुदत मृत्यूनंतर तीन महिन्यांची होती, त्यामुळे उशिराचा दंड धरून चला. आणि काकांचं म्हणणं चुकीचं आहे. आजोबांच्या स्वकष्टार्जित गाडीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे, तेव्हा आत्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र हवंच.

यानंतर परिवहन पोर्टलवर नमुना २० भरायचा. सोबत विमा, जुनं आरसी आणि २०,००० रुपये शुल्क. शेवरलेची जोडणी १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला होत असे; तुमची तिथली असो वा बाहेरून आलेली, नोंद भारतात आधीच झालेली असल्याने बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा सीमाशुल्क कागद) मागायला नको. जुना नंबर कायम राहतो, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असलेली मालिका नव्या नोंदणीसाठी आहे. प्रमाणपत्र १० वर्षांचं, नूतनीकरण ५,००० रुपयांत.

भाड्याने मात्र देता येणार नाही. व्हिंटेज गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभालीसाठी; फोटोशूटचं भाडं म्हणजे व्यावसायिक वापर. नोंदणी होईपर्यंत गाडी गॅरेजला न्यायची तर फ्लॅटबेडवरच (सपाट हौद्याच्या ट्रकवर) न्या.

वर्गबदल नाकारला तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका. कारणांसह लेखी आदेश मागा. कलम ५७ खालच्या अपिलाचे ३० दिवस तो आदेश हाती पडल्यापासून मोजले जातात.