स्थलांतरावर पीएचडी करायला बाहेर जाताय? देश नंतर ठरवा

तुम्ही विचारलंय की मास्टर्स संपत आलंय, मानवशास्त्रात स्थलांतर, आपलेपणा आणि सस्टेनेबिलिटी एज्युकेशन (शाश्वततेचं शिक्षण) असा विषय घेऊन पीएचडीला बाहेर पडायचंय, तर जर्मनी, स्वीडन की यूके. मी याच विषयाच्या आसपास जर्मनीत काम करतेय, पाचवं वर्ष चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं बोलू. स्वीडनमध्ये पीएचडी म्हणजे सरळ नोकरी असते, पगार मिळतो, मुदत ४ वर्षांची, शिकवण्याचं काम धरलं तर ५ होतात, पण जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. जर्मनीत पोस्ट मिळाली तरी आमच्या विषयात करार बऱ्याचदा अर्ध्या किंवा ६५ टक्के पोस्टचा असतो आणि काम मात्र पूर्ण वेळ, हे मनाशी पक्कं करून या. यूकेमध्ये फंडिंग नसेल तर स्वतःच्या खिशातून फी भरून पीएचडी करू नका, यावर माझं मत ठाम आहे.

व्हिसाची एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही. जर्मनीत साधारणपणे ६ महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलात तर रेसिडेन्स परमिट आपोआप संपतं, आणि आपला विषयच असा की फील्डवर्कला वर्षभर दुसरीकडे जावं लागू शकतं, त्यामुळे निघायच्या आधी परदेशी नागरिकांच्या ऑफिसकडून लेखी परवानगी घ्यायचीच. माझ्या ओळखीतल्या एकीला हे तिकीट काढल्यावर कळलं आणि तिचं फील्डवर्क ४ महिने पुढे गेलं.

आता विषयाचं, कारण तुमच्या प्रश्नात मला खरी अडचण तिथे दिसतेय. तुम्ही लिहिलंय की स्थलांतरितांमध्ये शाश्वततेची जाणीव कशी वाढवता येईल ते अभ्यासायचंय. ही मांडणी बदला, प्लीज. यात आधीच धरून चाललोय की त्यांच्याकडे जाणीव कमी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधलं ४.७ हे लक्ष्य नीट वाचा, त्यात शाश्वत विकासाचं शिक्षण आणि सांस्कृतिक विविधतेची कदर हे एकाच लक्ष्यात लिहिलंय, पण वर्गात येईपर्यंत पहिला भाग राहतो आणि दुसरा गळून पडतो.

मी एका सामुदायिक बागेत वर्षभर जात होते, तिथे नव्याने आलेल्या लोकांसाठी कंपोस्टची कार्यशाळा होती. शिकवणारी मुलगी मनापासून शिकवत होती, रंगीत कार्डं, काय टाकायचं काय नाही, सगळं. मागे एक साठीच्या बाई बसल्या होत्या, आयुष्यभर शेती केलेल्या, भाषा येत नव्हती, नात कानात सांगत होती. मध्येच त्या उठल्या, डब्याचं झाकण काढलं, आत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर बाहेर काढून पिळलं तर पाणी गळलं, वास घेतला आणि नातीला दोन वाक्यं बोलल्या. नातीने सांगितलं, आजी म्हणते हे सडतंय, सुका पाला घाला आणि रोज हलवा. सगळे थांबले, शिकवणारीने मान डोलावली आणि पुढचं कार्ड उचललं. कार्यशाळेच्या रिपोर्टमध्ये त्या बाई ‘लाभार्थी’ म्हणून मोजल्या गेल्या. माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरण या दहा मिनिटांवर उभं आहे.

समाजशास्त्रज्ञ नीरा युवाल-डेव्हिस यांनी २००६ मध्ये जो फरक मांडला, आपलेपणा वाटणं वेगळं आणि कोण आपलं हे ठरवण्याचं राजकारण वेगळं, तो मला त्या दिवशी खरा समजला. बाईंना त्या मातीत आपलेपणा वाटत होता, हात घालताना जराही अडखळल्या नाहीत, पण जाणकार कोण हे ठरवायचा अधिकार कार्डांकडे होता. तुमचा प्रश्न इथे शोधा. आणि प्रपोजलमध्ये ‘अमुक देशातला तमुक समाज’ अशी चौकट घालू नका, विमर आणि ग्लिक शिलर या स्थलांतराच्या अभ्यासकांनी २००२ मध्येच दाखवलंय की देशालाच अभ्यासाचं नैसर्गिक एकक धरलं की किती काही नजरेतून सुटतं. तुम्ही बागेपासून सुरुवात करा, शाळेपासून करा, दुरुस्तीच्या दुकानापासून करा, आणि माणसं जिथे नेतील तिथे जा.

ज्यांच्याशी बोलणार त्यांच्या संमतीबद्दल एक. २०१८ पासून युरोपात डेटा संरक्षणाचा कायदा कडक आहे आणि युनिव्हर्सिटी संमतीचा फॉर्म देते, पण ज्याचा आश्रयाचा अर्ज अजून अडकलाय तो माणूस कुठल्याही कागदावर सही करायला घाबरतो आणि त्याचं घाबरणं बरोबर आहे. संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीकडून तोंडी संमतीची परवानगी आधीच मागून ठेवा, नोट्समध्ये पहिल्या दिवसापासून खरी नावं लिहू नका, नंतर बदलू म्हणून चालत नाही.

तर देश गाईडवरून ठरवा. ज्यांनी स्वतः लांब फील्डवर्क केलंय असे दोन-तीन जण शोधा, त्यांना मेल करा, पण त्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा की करार संपला तेव्हा थिसिस किती बाकी होता आणि मधले महिने कशावर काढले. उत्तर द्यायला लोक कचरतात, तरी विचारा. आणि प्रपोजल नव्याने लिहिलंत की पहिली दोन पानं मला पाठवा, मी वाचेन.