मुलाच्या प्रत्येक ‘का’ला उत्तर यायलाच हवे का?

“आम्ही दोघेही कॉमर्सचे. मुलाला चुकीचं काही सांगितलं, तर त्याचा पाया कच्चा राहील ना?” ही काळजी पुण्यातील माझ्या समुपदेशन कक्षात मी वारंवार ऐकते. त्यांपैकी एका आईची हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे मांडते.

त्या हिशेबनीस होत्या आणि मुलगा सहा वर्षांचा होता. प्रश्न आला की त्या मोबाइलवर व्हिडिओ लावून देत. हळूहळू मुलगा प्रश्नच विचारेनासा झाला, तेव्हा त्या घाबरल्या.

“त्याचा शेवटचा प्रश्न आठवतो?”

“दुपारी सावली कुठे जाते, असं विचारत होता.”

“त्याला स्वतःला काय वाटतं, हे विचारलंत?”

त्या गप्प झाल्या. पुढच्या भेटीत मात्र हसतच आल्या. “मॅडम, तो म्हणतो, सावलीला ऊन लागतं, म्हणून ती पायाखाली जाऊन बसते!”

हे उत्तर चुकीचे असले, तरी त्यामागचे निरीक्षण अचूक आहे, कारण दुपारी सावली खरोखरच आखडून पायाशी येते. मूल निर्जीव वस्तूंना जीव कल्पून जगाची स्वतःची मांडणी करत असते, हे बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचे म्हणणे मला सरावाच्या प्रत्येक वर्षागणिक अधिक पटत गेले आहे. ती मांडणी ऐकून न घेता दिलेले तयार उत्तर पाठ होते, पण पटत नाही.

मी त्यांना एवढेच सुचवले, की सुट्टीत गच्चीवर वाळूच्या डब्यात एक काठी सरळ रोवावी, साडेअकरापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी आणि तोंडाने काहीही समजावू नये.

एप्रिलच्या मध्यावर त्यांनी ते केले आणि गडबडून मला सांगितले, “आमचं काहीतरी चुकलं. सर्वांत लहान सावली बाराला नाही, साडेबाराच्या खुणेवर आली.”

चुकले काहीच नव्हते. भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे, पुणे सुमारे ७३.९ अंशांवर आहे आणि पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटे लागतात. मी आकडे सांगितले. गुणाकार त्यांनीच केला. “चौतीस मिनिटं! म्हणजे आपली दुपार घड्याळापेक्षा उशिरा होते?” ज्या बाईंना विज्ञानाची धास्ती होती, त्यांनी भूगोलातील एक सत्य मुलासोबत स्वतः मोजून काढले होते, आणि त्यांचा तो चेहरा मला माझ्या कामाची पावती वाटला, हे मी मोकळेपणाने लिहिते. मुलाने त्याच संध्याकाळी विचारले होते, “मग रात्री काठीची सावली कुठे असते?” प्रश्न परत आले होते.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे, की “तुला काय वाटतं?” हे आधी विचारावे, मग दोघांनी मिळून पाहावे, आणि उत्तर येत नसेल, तर “मलाही माहीत नाही” असे न संकोचता म्हणावे. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे मात्र मुलाला आधीच बजावावे. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण दिसेनाशी होते. हा योग जुलैअखेरीस पुन्हा येतो. परंतु तेव्हा बहुधा ढग आड येतात, त्यामुळे मेमधली दुपार चुकवू नये.