पडद्याआड उभं राहणारं मूल

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. चार-चार दिवस त्याला शी होत नाही. पडद्याआड जाऊन, पाय आवळून, चवड्यांवर उभा राहून लालबुंद होईपर्यंत कुंथतो. मधूनच चड्डी खराब झालेली असते. जेवण कमी, दूध मात्र चार कप. नुसती फळं वाढवून भागेल का? औषधाची सवय लागेल असं वाटतं.

उत्तर : माझी लेक याच वयात सोफ्यामागे अशीच उभी राहायची. मी स्वतः मुलांची डॉक्टर, तरी दोन आठवडे तिला ‘जोर कर, जोर कर’ म्हणत होते. पाय आवळून उभं राहिलेलं मूल शी अडवत असतं. एकदा खडा होऊन दुखलेलं ते विसरत नाही. अडवलेल्या शीमधलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. साठून साठून मलाशय ताणलं की शी आल्याचं त्याला धड कळत नाही, आणि पातळ शी खड्याच्या कडेने झिरपते. चड्डी खराब होते ती यामुळे. कृपा करून त्यावरून रागावू नका.

नुसत्या फळांनी आता भागणार नाही. साठलेलं आधी डॉक्टरांच्या औषधाने मोकळं व्हायला हवं. शी मऊ ठेवणाऱ्या औषधाची सवय लागत नाही. उलट आठवड्याभरात बंद केलं की पुन्हा खडा होतो. काही महिने द्यावं लागतं.

दूध ४००-५०० मिलीवर आणा, भूक आपोआप वाढेल. तंतू (फायबर) दिवसाला किती? वयात ५ मिळवा, तितके ग्रॅम. सालासकट एका मध्यम पेअरमध्येच साधारण ५ ग्रॅम मिळतात, शिवाय त्यातली सॉर्बिटॉल नावाची साखर शीमध्ये पाणी धरून ठेवते. पाणी दिवसभर थोडं थोडं.

जेवल्यावर आतडं हलतं. म्हणून नाश्ता आणि रात्रीच्या जेवणानंतर वीसेक मिनिटांनी पाचच मिनिटं बसवा. पाय लोंबकळू देऊ नका. पायांखाली इतकं उंच स्टूल ठेवा की गुडघे कमरेच्या वर येतील. लेकीला मी साबणाचे फुगे फुंकायला द्यायचे. फुंकताना पोटावर आपसूक जोर येतो. शी झाली नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी द्या.

साबणाची वडी किंवा एनिमा घरच्या घरी नको, त्याने भीती वाढते. पोट फुगलं, उलट्या झाल्या, शीमध्ये रक्त दिसलं किंवा वजन वाढत नसेल, तर थांबू नका, लगेच दाखवा.