मेअखेरचा दमट उकाडा: हापूस, रोपवाटिका आणि माडांविषयीच्या शंकांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

मेचा दुसरा पंधरवडा लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातून येणाऱ्या शंका साधारण याच असतात. "पारा ३४ वरच आहे, उष्णतेची लाटही जाहीर नाही, मग हापूस आतून पांढरा का निघतो?" "काल वळीव पडला, भाताची पेर टाकू का?" "माडाची रोपे करपताहेत आणि विहीर मचूळ झाली आहे, काय करू?" "फॉगर चालू असूनही कोंबड्या मरताहेत." या सगळ्यांचे मूळ एकाच हवेत आहे, म्हणून आधी हवेचे बोलतो.

किनारपट्टीवर उष्णतेची लाट ठरायला कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त लागते. मेअखेर किनाऱ्यालगत पारा बहुधा ३३ ते ३५ मध्येच राहतो, त्यामुळे लाट जाहीर होत नाही. पण ३४ अंशांत आर्द्रता ७० टक्के असेल तर अंगाला ते ४५ च्या आसपास जाणवते. शिवाय रात्रीचा पारा २७-२८ च्या खाली उतरत नाही. जमीन, जनावर, माणूस, कुणालाच निवायला वेळ मिळत नाही. म्हणून बातम्यांत कमाल तापमानाचा आकडा ऐकून कामे ठरवू नका. किमान तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा हे तिन्ही पाहा.

त्यातही वारा महत्त्वाचा. समुद्रावरून येणारा खारा वारा अकराच्या सुमारास सुरू झाला तर पारा तिथेच अडतो. सकाळी घाटाकडून पूर्वेचा वारा जोरात असेल तर खारा वारा एक-दोन वाजेपर्यंत आत शिरू शकत नाही आणि तेवढ्या वेळात तापमान दोन-तीन अंश चढते. सकाळी दहाला माडाच्या झावळ्या कुठे झुकतात ते पाहा. समुद्राकडे झुकत असतील तर त्या दिवशी आंब्याची तोड लवकर आटोपा. दुपारनंतर सह्याद्रीवर ढग चढतात आणि चिपळूण, संगमेश्वर, लांजा, कणकवली, सावंतवाडी या बाजूंना गडगडाटी सरी पडतात. गुहागर-देवगडच्या किनाऱ्यावर त्यातून अनेकदा नुसता उकाडा वाढतो. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो मेघदूत ॲपवर मिळतो. विजेच्या सूचनेसाठी दामिनी ॲप फोनवर ठेवा.

हापूसमधला साका

फळ बाहेरून नितळ, रंग चांगला, वासही बरोबर. कापले की कोयीलगतचा गर केशरी न होता फिकट पांढरट, स्पंजासारखा भुसभुशीत, चवीला आंबट. हा साका. हा रोग नाही आणि किडीचे कामही नाही, त्यामुळे फवारणीने तो जात नाही. तापलेल्या जमिनीतून वर येणारी धग हे त्याचे एक मोठे कारण. कातळावरच्या बागांत आणि जमिनीलगतच्या फांद्यांवर तो जास्त दिसतो, तो यामुळेच. दुसरे कारण फळाच्या आत आहे. फळ झाडावर जास्त पिकू दिले की कोय रुजण्याच्या तयारीला लागते आणि भोवतालच्या गरावर त्याचा परिणाम होतो. वजन वाढेल या आशेने सोळा आणे, म्हणजे पूर्ण तयार, होईपर्यंत फळ ठेवणे या हवेत तोट्याचे आहे.

तोड चौदा आण्यांवर, म्हणजे पूर्ण तयार होण्याच्या थोडे आधी करा. देठाजवळ खांदे भरून वर आलेले आणि हिरवा रंग फिकटलेला, की फळ तयार. शंका असेल तर चार फळे पाण्याच्या बादलीत टाका. तयार हापूस बुडतो, कोवळा तरंगतो. तोड सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर. नूतन झेल्याने (फळ देठासह काढून जाळीत झेलणारी काठी), तीन-चार सेंटीमीटर देठ ठेवून काढा, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. जमिनीच्या बाजूच्या फांद्या आधी उतरवा.

सर्वांत जास्त नुकसान होते ते तोडीनंतरच्या तासाभरात. क्रेट भरून कातळावर ठेवलेले, गाडी यायची आहे, वर ऊन. झाडावर वाचलेले फळही तिथे बिघडते. क्रेट सावलीतच ठेवा, खाली पेंढा अंथरा, वर ओले गोणपाट टाकून हवा खेळती ठेवा. काळ्या प्लॅस्टिकने झाकू नका. फळे पिकवायला अढी लावताना ती एक-दोन थरांपेक्षा जास्त रचू नका, कारण उकाड्यात मधल्या थरात वाफ कोंडते. कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्यास कायद्याने बंदी आहे.

ज्यांचा माल अजून महिनाभर लांब आहे त्यांनी झाडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात गवत, पालापाचोळा किंवा पेंढा चांगला जाड पसरावा. फळ वाटाण्याएवढे झाल्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने झाडाला १५० ते २०० लिटर पाणी तीन-चार वेळा द्यायचे असते. काढणी महिन्यावर आली की ते बंद करा. उकाडा वाढला म्हणून आता पाणी सोडले तर फळ पाणचट होते.

वळीव पडला तर फळमाशी आणि करपा हा बुरशीचा रोग, दोन्ही बळावतात. हेक्टरी ४ रक्षक सापळे (फळमाशी पकडणारे) लावा. गळलेली फळे रोज वेचून खड्ड्यात गाडा, बांधावर फेकू नका, कारण त्यांतल्या अळ्या जमिनीत कोषात जातात आणि माश्या होऊन परत येतात. पावसात भिजलेला माल वेगळ्या क्रेटमध्ये ठेवा आणि ५२ अंशांच्या पाण्यात १० मिनिटे बुडवून, सावलीत पूर्ण सुकवून मगच पेटीत भरा. पाण्याला हात लावून अंदाज घेऊ नका, थर्मामीटरच वापरा. पाणी जास्त तापले तर साल भाजते, कमी तापले तर बुरशी तशीच राहते. काढणी तोंडावर असताना कीटकनाशक मारू नका.

वळीव पडला, पेरायचे का?

आधी हा पाऊस कोणता ते ओळखा. दुपारी किंवा संध्याकाळी, घाटाकडून, गडगडाट करत आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन पडले, तर तो वळीव. वारा रात्रंदिवस पश्चिमेचा, पाऊस सकाळीही पडतोय, रात्र गार होते आहे आणि हे दोन-तीन दिवस टिकले, तर मोसमी पाऊस.

धूळवाफ्यातले, म्हणजे कोरड्या मातीत पेरलेले, भात हलक्या सरीने रुजते आणि मग आठवडाभर ऊन पडले तर कोंब वाळून जातो. म्हणून सर पडल्यावर वाफ्यात खुरप्याने उकरून पाहा. दोन बोटेच ओल असेल तर थांबा, वीतभर ओल असेल तरच पेरा. पेरलेले रुजून आले आणि पाऊस गेला, तर झारीने संध्याकाळी पाणी द्या. भर दुपारी तापलेल्या मातीवर पाणी ओतू नका.

थांबा म्हणजे हात बांधून बसा असे नव्हे. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोचला, दुसऱ्या दिवशी मुंबईत. रोहिणी नक्षत्र लागत होते आणि अनेकांचे वाफेही तयार नव्हते. म्हणून गादीवाफे आत्ताच करून ठेवा: मीटर-सव्वा मीटर रुंद, ८ ते १० सेंटीमीटर उंच, मध्ये चर. एका हेक्टरच्या लागवडीला १० गुंठे रोपवाटिका लागते, बियाणे ४० किलोच्या आसपास, बारीक दाण्याला थोडे कमी, जाड दाण्याला जास्त. गुंठ्याला २५० किलो कुजलेले शेणखत मिसळा, युरिया १ किलो पेरणीवेळी. बीजप्रक्रिया मात्र पेरणीच्या आदल्या दिवशीच: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी टाका, तरंगणारे काढून टाका, बुडालेले दोनदा स्वच्छ धुऊन सावलीत सुकवा आणि किलोला ३ ग्रॅम थायरम चोळा.

माड-सुपारी आणि मचूळ पाणी

माडाच्या वर्ष-दोन वर्षांच्या रोपांना दक्षिण-पश्चिम बाजूने झावळ्यांचा आडोसा करा. सुपारीच्या खोडालाही त्याच बाजूने झावळी बांधा, कारण तिरपे ऊन खोड भाजते आणि ते पुढे तिथेच मोडते. आळ्यात नारळाची सोडणे पालथी अंथरा. पाणी एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडे पण नेमाने द्या.

विहीर मचूळ झाली असेल तर पंप सलग चालवू नका. सलग उपशाने गोड्या पाण्याचा थर खाली जातो आणि खारे पाणी वर चढते. तासभर उपसा, मग विश्रांती. हे पाणी माड सोसतो, सुपारी आणि भाजीपाला सोसत नाहीत, तेव्हा गोडे पाणी त्यांच्यासाठी राखा.

कोंबड्या, गुरे आणि माणसे

फॉगर पाणी उडवून हवा गार करतो. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर पाणी उडत नाही, शेड आणखी दमट होते आणि कोंबड्यांखाली अंथरलेला भुसा भिजतो. अशा दिवशी फॉगर बंद ठेवून पंखे चालवा आणि बाजूचे पडदे पूर्ण उघडा. खाद्य अकरा ते पाच काढून घ्या, पहाटे आणि रात्री द्या. पाण्याच्या टाकीवर ओले गोणपाट ठेवा, पाण्यात इलेक्ट्रोलाइट घाला.

म्हशीला दिवसातून दोन-तीनदा धुवा. तोंड उघडे टाकून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल तर सावलीत आणून अंगावर पाणी ओता आणि पशुवैद्यकाला बोलवा.

तोडीच्या गड्यांना अकरा ते चार झाडावर चढवू नका. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. चक्कर, बरळणे किंवा कातडी तापून कोरडी पडणे असे काही दिसले तर लिंबू सरबत पाजत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंग पाण्याने भिजवून वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.