सांगा, पण ताम्हिणीत नको

पत्र : "सांगलीला इंजिनिअरिंगला आम्ही चार वर्षं रूममेट होतो. मी गे आहे हे त्याला आजही माहीत नाही. शेवटच्या वर्षी एका रात्री त्यानं माझा हात धरून ठेवला. सकाळी दोघंही गप्प. पुढं त्याचं लग्न झालं, संपर्क तुटला. चौदा वर्षांनी पुन्हा भेटलोय. त्याचा घटस्फोट झालाय. डिसेंबरात आम्ही दोघं माझ्या गाडीनं पुण्याहून किनाऱ्या-किनाऱ्यानं रत्नागिरीला जातोय, तीन रात्री. तो ठाण्याला राहतो. त्याला सांगू का? कधी?" – एक वाचक, पुणे

सांगा. शेवटच्या सकाळी, रत्नागिरीत.

शेजारी बसून, नजर रस्त्यावर ठेवून अवघड गोष्टीही सहज बोलल्या जातात, त्यामुळे पुण्याहून कोकणात ताम्हिणी घाट उतरतानाच विषय काढायचा मोह होईल. तो आवरा. चालत्या गाडीत ऐकणाऱ्याला उठून जायला जागा नसते. पहिल्याच दिवशी नकार आला, तर पुढचे तीन दिवस दोघंही सीटबेल्ट लावून शिक्षा भोगाल. रात्रीची खोलीही नको, आणि दोन पेगनंतर तर नाहीच. दारूतला होकार सकाळी "काल जरा जास्तच झाली" म्हणून मोडीत निघतो. एकदा रात्रीचं सकाळी हरवलेलं तुम्ही पाहिलंच आहे.

ती रात्र पुरावा म्हणून काढू नका. "तुला आठवतं का?" असं विचारलंत की त्याला आधी बचाव सुचेल. घटस्फोटावरूनही काही ताडू नका. बायकांवर प्रेम करणाऱ्यांचेही संसार मोडतातच.

प्रवास बेताचा ठेवा. पहिला मुक्काम हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून वेशवीची फेरीबोट आणि हर्णै-दापोली. तिसऱ्या दिवशी दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा दोन फेऱ्या, वाटेत गुहागर. हा दिवस लांबतो, म्हणून लवकर निघा. फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. एक फेरी हुकली की अंधारात गाडी हाणावी लागते आणि माणसं चिडचिडी होतात.

दोन पुरुषांनी एक खोली घेण्यावर कायद्याची बंदी नाही. ओळखपत्रं मात्र दोघांचीही लागतील. सज्ञान माणसांमधले संमतीचे समलिंगी संबंधही ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा राहिलेले नाहीत. पण कोकणातल्या घरगुती सोयीत मालकांचं घर भिंतीपलीकडेच असतं, याचं भान ठेवा. बुकिंग करताना दोन वेगळे पलंग मागा. एकच डबलबेड समोर आला, तर तुम्ही काही बोलायच्या आधीच खोली बोलून बसेल.

शेवटच्या सकाळी चहा झाल्यावर भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला जा. वाक्यं तीनच : "मी गे आहे. तू मला मित्रापलीकडे आवडतोस. उत्तराची घाई नाही." मग गप्प बसा. त्या शांततेला घाबरून "अरे, गंमत केली" म्हणालात, तर तुम्हीच दार लावून घ्याल.

तो हो म्हणाला, तर त्या दिवशी परतायची घाई करू नका. एक सुट्टी आधीच शिल्लक ठेवा. कंडोम आणि पाण्यावर आधारित वंगण पुण्यातूनच घेऊन जा. खोबरेल किंवा व्हॅसलीननं लेटेक्सचा कंडोम फाटतो. आणि दोघांचे फोटो त्याला विचारल्याशिवाय कॉलेजच्या ग्रुपवर टाकू नका. त्याच्याबद्दल कुणाला काय कळावं, हे त्यानं ठरवायचं.

नाही म्हणाला, तर परतीचा आंबा घाट आणि कोल्हापूरहून पुणे हा जवळजवळ दिवसभराचा रस्ता एकत्र काढायची सक्ती त्याच्यावर नको. रत्नागिरीहून ठाण्याला रेल्वे आहे, एसटीही आहे. आरक्षण ऐनवेळी मिळणं कठीण, म्हणून गाड्यांच्या वेळा आधीच बघून ठेवा. त्यानं म्हटलं तर स्टेशनवर सोडा, बॅग उतरवून द्या, आणि पोचल्यावर मेसेज करायची अट घालू नका.